लिफ्टची पेटी

साडेआठच्या सुमाराला कुरिअरवाला गोदीच्या फाटकावर खोका देऊन गेला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'निवासी इमारतींच्या लिफ्टसाठी'. सुनेत्रा कोयंडे यांनी सही केली, खोका काखोटीला मारला आणि त्या विद्युत कार्यशाळेकडे चालू लागल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यात नवल वाटलं नाही. गेल्या महिन्यात त्याने शीतगृहाचा पंप, शेताच्या फवाऱ्याची झडप आणि दंतवैद्याच्या खुर्चीची मोटर आत जाताना पाहिली होती. या सगळ्या वस्तू शेवटी युद्धनौकांच्या पोटात जाऊन बसत होत्या.

सहा वर्षांपूर्वी हे कोणी बोलून दाखवलं असतं तर लोक हसले असते. तेव्हा नौकेवरचा प्रत्येक सुटा भाग खास नौदलासाठी बनवलेला असे आणि तो बनवणारा कारखाना बंद पडला की नौका धक्क्याला बसून राही. तळहाताएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक पट्टीसाठी एक गस्तीनौका चौदा महिने अडकून पडलेली सुनेत्राबाईंनी पाहिली होती. मग 'पारख' आली.

पारख म्हणजे फ्रिजएवढं एक यंत्र. त्यात बाजारातली कुठलीही वस्तू ठेवायची. यंत्र तिच्यातून नाना तऱ्हेचे विजेचे झटके सोडायचं, तिला तापवायचं, गारठवायचं, हलवायचं आणि त्यावरून तिचा एक गणिती जुळा तयार करायचं. मग त्या जुळ्याला आकड्यांच्या जगातच खारं वारं, तोफांचे हादरे आणि वीस वर्षांचं वय भोगायला लावायचं. चार तासांनी पडद्यावर उत्तर यायचं: हिरवं असेल तर वस्तू समुद्रावर टिकेल, लाल असेल तर नाही. लाल आलं तर ती किती दिवसांत मरेल हेही कळायचं.

एकतीस वर्षं गोदीत काढलेल्या सुनेत्राबाई या यंत्राच्या प्रमुख होत्या. हिरव्या उत्तराखाली त्यांची सही झाल्याशिवाय बाजारातली वस्तू नौकेवर चढत नसे. त्या सहीचा त्यांना अभिमान होता आणि धाकही. पण एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती. नमुना म्हणून एक वस्तू तपासली की त्याच नावाच्या, त्याच क्रमांकाच्या बाकीच्या वस्तू न तपासता घेतल्या जात. नाव तेच, क्रमांक तोच, म्हणजे वस्तूही तीच, एवढा साधा तो हिशोब होता.

'उद्धार' या बचावनौकेच्या विंचला लिफ्टची पेटी बसवली ती याच हिशोबाने. विंच म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारं मोठं रहाट. त्याची मोटर किती वेगाने फिरवायची, कुठे थांबवायची, ब्रेक कधी लावायचा, हे सगळं ती पेटी ठरवायची. इमारतीच्या लिफ्टमध्ये ती माणसं वरखाली नेते, इथेही तेच काम. दोराच्या टोकाला पोलादाचा एक जाडजूड गोल असे. तळाशी अडकलेल्या पाणबुडीतून माणसं आणण्यासाठी तो बनवला होता. खलाशी त्याला 'घागर' म्हणत.

नव्या पेटीची समुद्रावर पहिली चाचणी होती, म्हणून सुनेत्राबाई स्वतः 'उद्धार'वर आल्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून सत्तर किलोमीटरवर, स्वच्छ उन्हात, नौका एका जागी स्थिर झाली. खाली एकशे दहा मीटरवर तळ होता आणि तिथे सरावासाठी पाणबुडीच्या झाकणासारखं एक झाकण ठेवलेलं होतं. साडेनऊला घागरीचं दार बंद झालं. आत तिघं होते: चालक लेफ्टनंट ओवी खरात आणि दोन खलाशी. आत दहा तासांची हवा होती आणि काम होतं तासाभराचं.

घागर झोकात खाली गेली. तळापासून मीटरभर वर थांबून ओवीने झाकणाची मापं घ्यायला सुरुवात केली. पाण्यातून आवाज वाहून नेणाऱ्या फोनवर ती एकेक आकडा सांगत होती. पाऊण तास झाला आणि ती म्हणाली, "झालं आमचं. घ्या वर."

विंचवरच्या खलाशाने दांडा ओढला. काहीच झालं नाही. पेटीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, ब्रेकचा 'खट्' असा आवाज आला आणि रहाट जागच्या जागी घट्ट बसलं. त्याने पुन्हा दांडा ओढला. पुन्हा तेच.

"बदला पेटी," नौकेचे प्रमुख कमांडर नाचणे शांतपणे म्हणाले. जोडीची दुसरी पेटी नौकेवर होतीच. ती जोडायला वीस मिनिटं गेली. दिवा हिरवा लागला, दोरावर लटकलेलं वजन तिने तोललं आणि क्षणात तीही पिवळी झाली. पुन्हा खट्.

एक वस्तू बिघडू शकते. दोन वस्तू एकाच तऱ्हेने बिघडल्या तर तो बिघाड नसतो. सुनेत्राबाईंनी आपला तपासणीचा संच उघडला, पेटीला तार लावली आणि तिच्या आतली नोंद पडद्यावर घेतली. तिथे तीनच वाक्यं होती.

'केबिन अधांतरी थांबलेली. माणसे अडकल्याची शक्यता. मदत येईपर्यंत ब्रेक कुलूपबंद.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कमांडरना दाखवलं.

"म्हणजे?" नाचण्यांनी विचारलं.

"म्हणजे तिला वाटतंय की ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, सर. आत माणसं आहेत. बाहेरच्या कोणी घाईघाईने काही ओढाताण करू नये म्हणून तिने ब्रेक लावून ठेवलाय."

"हे पारखमध्ये दिसलं नाही?"

"मी तपासलेल्या पेटीत हे नव्हतंच." त्यांनी पेटीवरची बारीक अक्षरं बोटाने दाखवली. "तीन वर्षांपूर्वी तपासली ती चौथी आवृत्ती. ही सातवी आहे. नाव तेच ठेवलंय, क्रमांक तोच ठेवलाय आणि आतला शहाणपणा बदललाय."

त्यांनी उपग्रहाच्या फोनवरून पेटी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आधी एका यांत्रिक आवाजाने सोसायटीचं नाव आणि लिफ्टचा नोंदणी क्रमांक विचारला. तीनदा 'माणसाशी बोलायचं आहे' असं सांगितल्यावर आदिती सबनीस नावाची एक अभियंता फोनवर आली. ती मन लावून ऐकत होती. 'जहाज' हा शब्द मात्र तिने पुन्हा सांगायला लावला.

"मॅडम, ही सोय आम्ही सहाव्या आवृत्तीपासून घातली," ती म्हणाली. "अडकलेल्या लिफ्टमधून माणसं स्वतःच बाहेर यायला जायची आणि अपघात व्हायचे. म्हणून पेटी ब्रेक लावते आणि आमच्या केंद्राला संदेश पाठवते. आम्ही खात्री करून इथून कुलूप उघडतो. एका मिनिटाचं काम आहे. तुमची पेटी नेटवर्कला जोडा, मी आत्ता उघडते."

सुनेत्राबाईंनी डोळे मिटले. बाजारातल्या वस्तूने नौकेवरून बाहेर कोणाशीही बोलता कामा नये, हा नौदलाचा नियम होता आणि तो योग्यच होता. त्यामुळे अशा प्रत्येक वस्तूतला बिनतारी संदेशाचा तुकडा बसवण्याआधी काढून टाकला जाई. या दोन पेट्यांतला तो त्यांनी स्वतःच्या हाताने, भिंगाखाली धरून, उपटून काढला होता.

"तो भाग आता त्यात नाही," त्या म्हणाल्या.

"मग दुसरी वाट नाही हो, मॅडम," आदिती म्हणाली. "कोणी जबरदस्तीने उघडू नये, अशीच ती बनवलीय."

साडेअकरा वाजले होते. कमांडर नाचण्यांनी सगळ्यांना विंचजवळ बोलावलं. हाताने रहाट फिरवायची सोय होती, पण दहा मिनिटांना एक मीटर या हिशोबाने अठरा तास लागले असते. वीजतंत्री म्हणाला की पेटी वगळून मोटर सरळ विजेला जोडू. सुनेत्राबाईंनी मान हलवली. मोटर एका हिसक्यात पूर्ण वेग घेईल आणि दोर तुटेल. तिसरा उपाय होता घागरीच्या बुडाची वजनं सोडून देण्याचा. मग ती आपोआप वर आली असती, पण तेव्हा सैल पडलेला शंभर मीटर पोलादी दोर तिच्याभोवती कसा गुंडाळला जाईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

"तो शेवटचा उपाय," नाचणे म्हणाले. "संध्याकाळी पाचपर्यंत दुसरं काही जमलं नाही, तर मी वजनं सोडायला सांगेन. गोदीतून पेटी मागवू?"

"गोदीत आहेत त्या सगळ्या याच खेपेतल्या, सर. त्यांनाही हेच वाटेल. आपल्याला सहाव्याच्या आधीची पाहिजे."

"आणि ती कुठे मिळेल?"

सुनेत्राबाई समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. जुनी खास नौदलाची पेटी असती तर या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. तसली पेटी जगात एकच असायची, आणि ती बिघडली की संपलं. ही पेटी मात्र गल्लोगल्ली होती. लिफ्टमध्ये होती, बर्फाच्या कारखान्यात होती. आणि बॅटरीवरचे ट्रॉलर आल्यापासून कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळं ओढायच्या विंचवरही होती.

त्यांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या हमीदभाई वस्ता यांना फोन लावला. ट्रॉलरवरची विजेची सगळी कामं हमीदभाईंच्या दुकानात यायची. खाऱ्या हवेत कुठली पेटी टिकते याची माहिती काढायला तीन वर्षांपूर्वी सुनेत्राबाई त्या दुकानात दोन दिवस बसल्या होत्या.

"बोला ताई," हमीदभाई म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चौथी नाहीतर पाचवी पाहिजे, बरोबर? दुकानात सगळा नवा माल आहे. पण थांबा, कोणत्या बोटीवर कोणती बसवली ते मी लिहून ठेवतो." कागदांचा सळसळाट ऐकू आला. "अकरा बोटी आहेत. आठ बंदरात. बंदरातून तुमच्यापर्यंत यायला संध्याकाळ होईल. बाहेर आहेत तीन... 'जाकादेवी प्रसन्न'. लहू डोर्लेकर तांडेल. काल दुपारी तुमच्याच बाजूला गेलाय. त्याच्यावर चौथी आहे, मीच बसवली."

बोट चालवणारा लहू तांडेल वायरलेसवर सापडला तेव्हा त्याचं जाळं पाण्यात होतं. तो पंचवीस मैलांवर होता. मागून इंजिनाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. कमांडर नाचण्यांनी त्याला थोडक्यात हकीकत सांगितली.

"खाली किती माणसं आहेत, साहेब?"

"तीन."

"पेटी काढली म्हणजे माझं जाळं वर येणार नाय," लहू म्हणाला. "ओढत बसलो तर तास जाईल. दोर तोडतो नि निघतो. तुम्ही दिशा सांगत राहा."

मग वाट बघण्याचे तास सुरू झाले. सुनेत्राबाई पाण्यातल्या फोनजवळ बसल्या. वरचा प्रत्येक माणूस ओवीला 'किरकोळ अडचण आहे' असं सांगत होता. शेवटी ती म्हणाली, "कोयंडे मॅडम, तुम्ही तरी खरं सांगा. माझ्याबरोबर दोघं आहेत. मला त्यांना काहीतरी सांगायला हवं."

सुनेत्राबाईंनी खरं ते सगळं सांगितलं. आपणच तो तुकडा काढल्याचंही सांगितलं.

"म्हणजे आम्ही अडकलोय हे त्या पेटीला आमच्या आधी कळलं," ओवी म्हणाली आणि चक्क हसली. "आणि ती वाईट नाहीये. तिला आमची काळजी वाटतेय."

"हो. म्हणूनच तिचा राग पण येत नाही गं."

"मग तांडेलला सांगा, सावकाश या पण या. आम्ही हवा जपून वापरतो. आता गप्पा बंद."

'जाकादेवी प्रसन्न' सव्वातीनला दिसली. पुढच्या टोकाशी, नाळेवर, पांढरा फेस उडवत ती आली आणि 'उद्धार'च्या कुशीला लागली. लहू डोर्लेकर पन्नाशीचा, उन्हाने करपलेला माणूस होता. वाटेतच त्याने पेटी सोडवून ठेवली होती. बोटीवरच्या एका गोधडीत गुंडाळून, छातीशी धरून तो शिडी चढला. पेटीवर मिठाचे थर होते आणि एका कोपऱ्यात माशांचे वाळलेले खवले चिकटलेले होते.

नियमाप्रमाणे ती तपासायलाच हवी होती. सुनेत्राबाईंकडे पारखचा हातात मावेल असा लहान अवतार होता, घाईच्या तपासणीसाठी. पेटी स्वच्छ करून त्यांनी त्याच्या तारा जोडल्या. दहा मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं. लाल.

विंचभोवती जमलेल्या माणसांचे चेहरे उतरले. लाल उत्तराची वस्तू माणसं लटकलेल्या दोराला जोडायची नाही, हा नियम होता आणि तो लिहिताना सुनेत्राबाई समितीत होत्या.

त्यांनी पडद्यावरचा मजकूर पुढे सरकवला. लाल अक्षरांखाली कारण होतं: आतल्या दोन भागांत क्षार शिरलाय, पूर्ण भाराखाली उरलेलं आयुष्य अंदाजे अकरा तास.

"सर," त्या म्हणाल्या, "ही वीस वर्षं जगेल का, असं पारखने विचारलं. त्याचं उत्तर नाही असंच आहे. पण आपल्याला वीस वर्षं नकोत. अर्धा तास पाहिजे. तिच्याकडे अकरा तास आहेत."

"अंदाज चुकला तर?"

"दोन तासांचा चुकेल, पाचाचा चुकेल. पाचला वजनं सोडायची म्हटली तर त्यात अंदाजसुद्धा नाही. तपासणीच्या कागदावर लाल लिहूनच मी सही करते. खाली कारण लिहिते."

नाचण्यांनी खिशातून पेन काढलं. मग ते म्हणाले, "सहीला जागा ठेवा. तुमच्या शेजारी माझीही होईल."

पेटी जोडायला वीजतंत्र्याबरोबर लहूही बसला, कारण तिच्या खोडी त्याला ठाऊक होत्या. एक पेच नेहमी अर्धा फेरा सैल ठेवावा लागतो, नाहीतर ती थरथरते, असं त्याने सांगितलं. दिवा हिरवा लागला. पेटीने वजन तोललं. सगळे श्वास रोखून त्या दिव्याकडे बघत होते. तो हिरवाच राहिला.

दांडा ओढला. ब्रेक सुटला. रहाट कुरकुरलं आणि फिरू लागलं.

अठ्ठावीस मिनिटं सुनेत्राबाईंचा तळहात पेटीवर होता. ती तापत चालली होती. शंभर मीटर, ऐंशी, पन्नास. तीस मीटरवर ती थरथरायला लागली. लहूने काही न विचारता पुढे होऊन तो पेच बोटाने किंचित ढिला केला. थरथर थांबली. पावणेपाचला हिरव्या पाण्यातून घागरीचं पिवळं डोकं वर आलं आणि डेकवर असा काही आरडाओरडा झाला की 'जाकादेवी'वरच्या माणसांनीही शिट्या वाजवल्या.

दार उघडलं. आधी दोन्ही खलाशी उतरले, मग ओवी. ती घामाने निथळत होती. मोकळ्या हवेत तिने दोन-तीन मोठे श्वास घेतले आणि विचारलं, "तांडेल कोण?"

लहू पुढे आला. ओवीने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तो म्हणाला, "जेवला नसाल. आमच्याकडं बांगड्याचं कालवण आहे." मग त्या कालवणाचं पातेलं शिडीवरून वर आलं आणि 'उद्धार'च्या डेकवर, कमांडरपासून वीजतंत्र्यापर्यंत सगळे ते पावाशी खायला बसले. सुनेत्राबाईंनी पाव बुडवून पहिला घास घेतला. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं आणि कालवण फार चविष्ट झालं होतं.

चौकशी झाली. सुनेत्राबाईंनी आपला अहवाल आपणच लिहिला आणि त्यात काही लपवलं नाही. पारख वस्तूचं शरीर तपासते, तिच्या मनात काय भरलंय ते तपासत नाही, असं त्यांनी लिहिलं. यापुढे नमुना नको, प्रत्येक पेटी तपासा, तिच्या आवृत्तीसकट. कुठल्या बोटीवर काय आहे याची हमीदभाईंसारखी नोंद साऱ्या किनाऱ्यावर ठेवा. दोन्ही सूचना मंजूर झाल्या. 'जाकादेवी'ला नवं जाळं आणि नवी पेटी नौदलाने पोहोचती केली. बाजारातल्या वस्तू बंद करा, असं कोणीही म्हणालं नाही. तिघांचा जीव टांगणीला लागला तो अशा वस्तूमुळे, आणि तिघं वर आले तेही तशाच वस्तूमुळे, हे सगळ्यांना दिसत होतं.

महिन्याभराने आदिती सबनीस परवानगी काढून गोदीत आली. ती फोनवरच्या आवाजावरून वाटली होती त्याहून लहान होती. सुनेत्राबाईंनी तिला कार्यशाळा दाखवली. मांडीवर हात ठेवून ती पारखसमोर बसून राहिली.

"आमची पेटी जहाजावर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर तिला दोन ओळी शिकवल्या असत्या. खाली समुद्र असेल तर थांबू नकोस, वर घे."

"आम्हाला सांगता येत नव्हतं. कुठल्या नौकेवर काय आहे हे बाहेर कळलं, की ते शत्रूलाही कळतं. अजूनही सांगता येत नाही."

"मग आम्ही लिफ्टसाठीच शिकवत राहणार. आणि तुम्ही ती तोफेला लावणार, रडारला लावणार."

सुनेत्राबाई उठून खिडकीपाशी गेल्या. तिथून 'उद्धार' धक्क्याला लागलेली दिसत होती. उद्या ती पुन्हा निघणार होती आणि घागरीत पुन्हा ओवीच जाणार होती. तिने तसं मागून घेतलं होतं. या गोदीतून गेलेल्या हजारो पेट्या त्या घडीला समुद्रावर राबत होत्या आणि त्यातली प्रत्येक स्वतःला एखाद्या सोसायटीत, मळ्यात किंवा दवाखान्यात समजत होती. दिलेलं काम इमानाने करत होती.

"तुझ्या पेट्या दिवसेंदिवस शहाण्या होणार," त्या सावकाश म्हणाल्या. "माणसांची काळजी घ्यायला शिकणार. ते चांगलंच आहे गं. पण आपण नेमक्या कुठे आहोत हेच ज्यांना सांगायचं नाही, त्यांनी काळजी घ्यायची तरी कशी?"